बोलण्यातल्या थांब्यांवरून अल्झायमरची चाहूल: रेकॉर्डिंगपासून निष्कर्षापर्यंत

अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात माणसाचा आवाज सहसा बिघडत नाही. उच्चार स्वच्छ असतात, स्वर थरथरत नाही, जीभ जड झालेली नसते. बिघडतं ते बोलण्याचं वेळापत्रक. वाक्य चालता चालता थांबतं, नेमकं नाम यायच्या आधी पोकळी पडते, मग ‘ते आपलं... हे...’ असं काहीतरी येतं आणि बोलणं पुढे सरकतं. घरच्यांना हे जाणवतं, पण नेमकं काय बदललंय ते सांगता येत नाही. यंत्राला मात्र ते मिलिसेकंदांत मोजता येतं. या लेखातली सगळी पद्धत त्या मोजणीभोवती उभी आहे.

याचं कारण मेंदूत आहे. रोग बहुधा एंटोरायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागांत सुरू होतो आणि टेम्पोरल व पॅरायटल भागांकडे पसरतो. शब्दांचे अर्थ आणि नावं शोधण्याचं बरंचसं काम याच भागांत चालतं. ओठ, जीभ आणि स्वरयंत्र हलवणारे भाग त्यामानाने बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. पार्किन्सनमध्ये आवाज लवकर बारीक आणि सपाट होतो, तिथे स्वराची कंपनं मोजून पुष्कळ कळतं. तीच मोजमापं उचलून अल्झायमरवर लावली की निकाल कच्चे येतात. म्हणून आधी काळ मोजायचा, स्वराची प्रत नंतर.

हा लेख भाषावैज्ञानिक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विदेवर (डेटावर) काम करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. अशा पद्धतीतून निदान होत नाही, हे आधीच स्पष्ट असू द्या. अल्झायमरची खात्री अमायलॉइड आणि टाउ या प्रथिनांच्या पुराव्यावर होते: मेंदूचा पेट (PET) स्कॅन, पाठीच्या कण्यातल्या द्रवाची तपासणी आणि अलीकडे रक्तातल्या पी-टाउ-२१७ या टाउच्या एका रूपाची तपासणी. अशा रक्ततपासणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये पहिल्यांदा मान्यता दिली. बोलण्याची मोजणी त्याच्या आधीच्या टप्प्यावर कामाची आहे. ती सुईशिवाय होते, पुन्हापुन्हा करता येते आणि ‘आता तपासून घ्यायला हवं’ एवढं सांगू शकते.

पायरी १: नेमकं काय ओळखायचं ते लिहून काढा

निरोगी आणि अल्झायमर असे दोन गट वेगळे करणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कमी उपयोगाचं. ज्याचा आजार उघड दिसतोय त्याला ओळखायला यंत्र कशाला हवं? खरा प्रश्न सौम्य बोधात्मक क्षीणतेचा आहे: माणूस रोजचे व्यवहार करतोय, पण स्मृती घसरू लागली आहे. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे एकाच व्यक्तीत काळानुसार पडणारा फरक. काही माणसं मुळातच संथ बोलतात. त्यांची तुलना त्यांच्याच जुन्या बोलण्याशी केली तर हा गोंधळ टळतो.

प्रत्येक व्यक्तीला ‘रोग आहे’ किंवा ‘नाही’ हे लेबल कशावरून मिळालं, तेही नोंदवा. एमएमएसई या स्मृती-आकलनाच्या छोट्या चाचणीच्या नुसत्या गुणांवरून, की तज्ज्ञाच्या निदानावरून, की प्रथिनांच्या पुराव्यावरून? एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी शिक्षण आणि भाषेवर बरीच अवलंबून असते. कमी शिकलेला निरोगी माणूस तिच्यात मागे पडतो. लेबलच चुकीचं असेल तर पुढचं सगळं गणित त्या चुकीचीच नक्कल करायला शिकतं.

पायरी २: काय बोलायला सांगायचं?

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम म्हणजे चित्रवर्णन. बोस्टन डायग्नॉस्टिक अफेझिया एक्झॅमिनेशन या भाषादोष तपासणाऱ्या चाचणीतलं ‘कुकी थेफ्ट’ हे चित्र जगभर वापरलं जातं: स्टुलावर चढून बिस्किटं काढणारा मुलगा, खाली हात पसरून उभी मुलगी, भांडी पुसणारी बाई आणि भरून वाहणारं सिंक. चित्रामुळे काय बोलायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे माणसामाणसांत तुलना करता येते. आणि सिंक वाहतंय हे पाहूनही तो शब्द न सापडणं अगदी ठळकपणे दिसतं. चित्र मात्र बोलणाऱ्याच्या ओळखीचं हवं. स्वयंपाकघराची ती मांडणी ज्याने कधी पाहिलेली नाही, तो रोगाशिवायही अडखळेल.

दुसरं काम शब्दप्रवाहाचं: एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा. अल्झायमरमध्ये ‘क पासून सुरू होणारे शब्द’ या प्रकारापेक्षा प्राण्यांसारख्या अर्थगटाची यादी जास्त कोसळते, कारण ती अर्थाच्या साठ्यातून काढावी लागते. इथे एकूण संख्येवर थांबू नका. मिनिटाचे १५ सेकंदांचे चार भाग करा आणि दोन शब्दांमधलं अंतर प्रत्येक भागात कसं वाढतं ते पाहा. वाढ सगळ्यांतच होते, कारण सोपे प्राणी आधी संपतात. पण ती कोणत्या वेगाने होते यात माहिती आहे.

ऐकलेली गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा सांगणं हे स्मृतीवर थेट बोट ठेवणारं काम आहे, ते जरूर घ्या. उतारा मोठ्याने वाचून घेणं ताळ्यासाठी चांगलं: वाचताना शब्द शोधावा लागत नाही, म्हणून वाचनातला वेग सांभाळलेला आणि वर्णनातला घसरलेला असेल तर अडचण तोंडाची नसून शब्द सापडण्याची आहे, असं म्हणायला आधार मिळतो. डोळे अधू असतील किंवा वाचनाची सवय नसेल तर हा ताळा सोडून द्या. ‘आ’ हा स्वर लांब धरायला सांगणं पार्किन्सनसाठी उपयोगी आहे. इथे त्यावर वेळ घालवू नये.

पायरी ३: रेकॉर्डिंग

१६ किलोहर्ट्झ नमुनादर (सेकंदाला १६,००० नमुने), १६ बिट, एक चॅनल, वेव्ह फाइल. १६ किलोहर्ट्झवर ८ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी टिपले जातात, बोलण्याला तेवढं पुरतं. जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच पोचतात. थांबे मोजायला ते चालतं, स्वराच्या प्रतीसाठी चालत नाही. एमपी-थ्री आणि मेसेजिंग ॲपवरचे व्हॉइस संदेश दाबून लहान केलेले असतात, त्यांतून स्वराची बारीक मोजमापं काढू नका.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर गोंगाट कमी करणारी आणि आवाज आपोआप लहानमोठा करणारी सोय बंद करा. ती चालू असेल तर हळू बोललेला वाक्याचा शेवट पुसला जातो आणि थांबा नसलेल्या ठिकाणी थांबा तयार होतो. माइक तोंडापासून दरवेळी सारख्याच अंतरावर ठेवा. कानाला लावायचा माइक असेल तर उत्तम. सुरुवातीला काही सेकंद कोणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, ती पुढे लागणार आहे.

आणि रेकॉर्डिंगची परिस्थिती दोन्ही गटांना अगदी एकच असू द्या. रुग्ण दवाखान्यात आणि निरोगी मंडळी विद्यापीठात असं झालं की प्रयोग तिथेच संपला. का, ते पायरी ७ मध्ये.

कवळी, श्रवणयंत्र, सर्दी, झोपेची गोळी, दिवसाची वेळ, घरात बोलली जाणारी भाषा यांची नोंद त्याच वेळी ठेवा. ऐकू कमी येत असेल तर माणूस प्रश्न समजण्यासाठी थांबतो, आणि यंत्राला तो थांबाही सारखाच दिसतो.

पायरी ४: बोलणं आणि शांतता वेगळी करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी मुलाखत घेणाऱ्याचा आवाज बाजूला काढा. तो राहिला तर मॉडेल, म्हणजे विदेवरून गट ओळखायला शिकणारा प्रोग्रॅम, भलतंच शिकतं: रुग्ण अडखळला की समोरचा माणूस ‘अजून काय दिसतंय?’ असं जास्त वेळा विचारतो, आणि रोगाचा सुगावा त्या प्रश्नांवरूनच लागतो. वक्ते आपोआप वेगळे करणारी साधनं आहेत, पण ती लहान लहान हुंकारांवर चुकतात. निदान वादाच्या जागा तरी कानांनी ऐका.

मग थांबे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे, आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून चालवायचं असेल तर ‘पार्सलमाउथ’. प्राटमध्ये शांततेच्या खुणा करणारी आज्ञा आहे. तिच्या मूळ सेटिंगमध्ये सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा २५ डेसिबल खालचा भाग शांत धरला जातो आणि ०.१ सेकंद एवढी लहान शांतताही थांबा म्हणून मोजली जाते. ०.१ सेकंद फार कमी आहे. ‘पक्का’, ‘कच्चा’, ‘चिठ्ठी’ म्हणून पाहा: जोडव्यंजनात तोंड बंद राहतं तेवढा वेळ आवाज जवळजवळ शून्य असतो, आणि तो थांबा नव्हे. पूर्वापार वापरात असलेली २५० मिलिसेकंदांची मर्यादा इथेही योग्य वाटते. २५ डेसिबलचा आकडाही खोलीच्या शांततेकडे बघून बदला. सुरुवातीचे ते मूक सेकंद त्यासाठीच रेकॉर्ड केले आहेत.

आपोआप झालेल्या खुणांवर विसंबू नका. काही रेकॉर्डिंगं निवडून दोन माणसांकडून स्वतंत्रपणे हाताने खुणा करून घ्या. खुणा करणाऱ्याला कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे माहीत नसावं. दोघांचं आपसात किती जमतं आणि यंत्राशी किती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाणं घाईचं आहे.

‘अं...’, ‘म्म...’ हे भरलेले थांबे वेगळे मोजा. आवाज ओळखून मजकूर लिहिणारी ‘व्हिस्पर’सारखी मॉडेलं वाक्य स्वच्छ करून देतात. अडखळणं, शब्दाची पुनरुक्ती आणि हे हुंकार गाळतात, आणि लांब शांततेत कधी कधी न बोललेली वाक्यंही घालतात. मजकुरासाठी ती वापरा, थांब्यांच्या वेळा मात्र ध्वनीवरूनच काढा.

पायरी ५: काय मोजायचं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन माणसं प्रत्येकी ६० सेकंद बोलली. पहिल्याने १८० अक्षरं उच्चारली. त्यात ४२ सेकंद आवाज होता, १८ सेकंद थांबे. दुसऱ्याने १२० अक्षरं उच्चारली. २८ सेकंद आवाज, ३२ सेकंद थांबे. एकूण वेळेवर काढलेला बोलण्याचा वेग पहिल्याचा सेकंदाला ३, दुसऱ्याचा २. पण थांबे वगळून काढलेला उच्चारवेग दोघांचाही ४.३ येतो. दुसऱ्याची जीभ तितकीच चपळ आहे, वेळ जातोय तो शब्दापर्यंत पोचण्यात. हे दोन वेग वेगवेगळे न काढता ‘रुग्ण हळू बोलतात’ एवढंच म्हणणाऱ्याला रोग आणि म्हातारपण वेगळं करता येणार नाही.

म्हणून किमान एवढं काढा: बोलण्याचा वेग, उच्चारवेग, एकूण वेळेत थांब्यांचा वाटा, मिनिटामागे थांबे, थांब्याची मध्यक लांबी, आणि दोन सेकंदांहून लांब थांब्यांची संख्या. थांब्यांच्या लांबीची सरासरी फसवी असते. बहुतेक थांबे छोटे आणि दोनचार प्रचंड, अशी ती विदा असते. लॉगरिथम घेऊन मग सरासरी काढा. मजकूर हाताशी असेल तर थांबा कुठे पडला ते बघा. वाक्य संपल्यावरचा थांबा सगळेच घेतात. नामाच्या किंवा क्रियापदाच्या आधी, वाक्याच्या पोटात पडलेला थांबा जास्त बोलका असतो.

मग स्वराची उंची. पुरुषांसाठी ७५ ते ३०० आणि स्त्रियांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ अशी शोधाची मर्यादा ठेवली की चुकीचे आकडे कमी येतात. वयाबरोबर स्त्रियांचा स्वर खाली येतो, पुरुषांचा म्हातारपणी थोडा चढतो, म्हणून नुसती उंची न घेता तिची चढउतार बघा, आणि तीही हर्ट्झऐवजी सेमीटोनमध्ये.

जिटर (स्वराच्या उंचीतली बारीक थरथर), शिमर (आवाजाच्या जोरातली बारीक थरथर) आणि स्वर-गोंगाट गुणोत्तर (आवाजात स्वर किती आणि खरखर किती) शेवटी. ही मोजमापं माइक आणि खोलीला फार संवेदनशील असतात. मराठी बोलण्यावर काम करताना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते: घ, ध, भ या महाप्राण व्यंजनांनंतरच्या स्वरात श्वास मिसळलेला असतो, त्यामुळे निरोगी माणसातही गुणोत्तर खाली येतं. इंग्रजी बोलण्यावरून ठरवलेले उंबरठे इथे लावू नयेत.

तयार संच हवा असेल तर ‘ओपनस्माइल’ या ध्वनी मोजणाऱ्या साधनातला ईजेमॅप्स घ्या, त्यात ८८ मोजमापं आहेत. त्याच साधनातल्या कॉम्पॅरे संचात ६३७३ आहेत. शंभरेक माणसांच्या विदेवर हजारो मोजमापं ओतली की काहीतरी जुळतंच, आणि ते जुळणं बहुतेक योगायोगाचं असतं.

पायरी ६: विदा आणि मॉडेल

स्वतःची विदा गोळा करण्याआधी ‘डिमेन्शियाबँक’ या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या बोलण्याच्या संग्रहातल्या पिट संचावर हात बसवा. त्याच्यासाठी संशोधक म्हणून रीतसर परवानगी लागते. त्याच विदेतून २०२० च्या ‘ॲड्रेस’ आव्हानासाठी (संशोधकांची खुली स्पर्धा) वय आणि लिंग जुळवलेला संच काढला गेला: १५६ माणसं, निम्मी रुग्ण, निम्मी निरोगी. त्यातली १०८ शिकवण्यासाठी, ४८ चाचणीसाठी. आयोजकांच्या पायाभूत मॉडेलला निव्वळ ध्वनीवरून चाचणीत ६२.५ टक्के आणि मजकुरावरून ७५ टक्के अचूकता मिळाली. त्याच आव्हानात जियाहोंग युआन आणि सहकाऱ्यांनी मजकुरातच थांब्यांच्या खुणा घातल्या, मग भाषा-मॉडेलला शिकवलं आणि ८९.६ टक्क्यांपर्यंत पोचले. शब्द आणि शब्दांमधली शांतता एकत्र पाहिली की काय साधतं, याचं मला हे सगळ्यात पटणारं उदाहरण वाटतं. २०२३ च्या आव्हानात इंग्रजीवर शिकवून ग्रीकवर तपासायचं होतं. शब्दसंपत्ती भाषा ओलांडत नाही, पण थांब्यांची मोजमापं ओलांडू शकतात, ही त्यामागची आशा होती.

सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशन या दोन गट वेगळे करणाऱ्या साध्या सांख्यिकी पद्धतीने करा. पाचसहा काळविषयक मोजमापं, बस्स. ‘वेव्हटूव्हेक’सारखी थेट ध्वनीवरून शिकणारी मोठी मॉडेलं नंतर जोडा आणि या साध्या पायापेक्षा ती खरोखर किती वर जातात ते बघा. एका माणसाची सगळी रेकॉर्डिंगं एकाच बाजूला राहिली पाहिजेत, शिकवण्याच्या तरी किंवा चाचणीच्या तरी. पिट संचात तीच माणसं पुढच्या वर्षांत पुन्हा येतात. ती दोन्हीकडे विखुरली की मॉडेल रोगाऐवजी माणूस ओळखतं आणि अचूकता विनाकारण फुगते. मोजमापं प्रमाणित करणं आणि निवडणं हे दोन्ही फक्त शिकवण्याच्या भागावरून करा.

पायरी ७: मॉडेल रोग ऐकतंय की खोली?

ही पायरी कृपा करून गाळू नका. २०२४ मध्ये संशोधकांनी याच पिट संचातले बोलणं नसलेले तुकडे घेतले, म्हणजे नुसती खोलीची शांतता, आणि त्यांवरूनही मॉडेल दोन गट वेगळे करू शकलं. शांततेत रोग नसतो. रेकॉर्डिंगच्या यंत्रणेत किंवा परिस्थितीत काहीतरी फरक होता आणि मॉडेलने तो पकडला. इतकी वर्षं मिरवलेल्या आकड्यांपैकी किती आकडे अशा गोंगाटावर उभे असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून या क्षेत्राच्या डोक्यावर आहे.

म्हणून आपल्या विदेवर तीन परीक्षा घ्या. फक्त शांततेच्या तुकड्यांवर तेच मॉडेल शिकवा: अचूकता ५० टक्क्यांच्या आसपासच यायला हवी. मग रेकॉर्डिंगची एकूण लांबी आणि तारीख एवढ्याच गोष्टी देऊन बघा. शेवटी लेबलं फासे टाकावेत तशी मिसळून अनेकदा शिकवा आणि तुमचा खरा निकाल त्या गर्दीतून वेगळा उठून दिसतो का ते पाहा. पहिल्या परीक्षेत मॉडेलला नुसत्या शांततेवरूनही गट ओळखता आले, तर निकाल जाहीर करण्याऐवजी रेकॉर्डिंग नव्याने करायला लागा. गोंगाट गाळून हा दोष पूर्ण जात नाही, कारण गाळण्याच्याही खुणा मागे राहतात.

त्यानंतर निकाल वय, लिंग, शिक्षण आणि नैराश्य यांनुसार फोडून बघा. नैराश्यातही माणूस संथ बोलतो, लांब थांबतो. नैराश्य असलेले पण स्मृती शाबूत असलेले लोक तुमच्या विदेत नसतील, तर मॉडेलला त्यांच्यातला फरक कळण्याची शक्यताच नाही.

पायरी ८: आकडा वाचणं आणि सांगणं

४८ माणसांच्या चाचणीत एक माणूस म्हणजे २ टक्क्यांहून जास्त. तिथे ७५ टक्के अचूकता मिळाली तर तिचा ९५ टक्के विश्वासपल्ला (खरी अचूकता ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पल्ला) साधारण ६१ ते ८५ असा पसरतो. दोन मॉडेलांत चार टक्क्यांचा फरक दिसला म्हणून एकाला श्रेष्ठ ठरवू नये.

त्याहून महत्त्वाचं गणित प्रत्यक्ष वापराचं आहे. समजा तुमची पद्धत ८० टक्के रुग्णांना पकडते आणि ८० टक्के निरोगींना बरोबर सोडते. ती अशा १००० ज्येष्ठांवर वापरली ज्यांच्यातल्या ५० जणांना रोग आहे. ४० रुग्ण सापडतील, आणि ९५० निरोगींपैकी १९० जणांनाही इशारा जाईल. म्हणजे इशारा मिळालेल्या २३० पैकी ४० खरे, जेमतेम १७ टक्के. निम्मे-निम्मे गट असलेल्या प्रयोगशाळेच्या विदेत हे कधीच दिसत नाही. पाचपैकी चार कुटुंबं काही नसताना हादरणार असतील, तर ॲपच्या पडद्यावर ‘अल्झायमरची शक्यता’ असे शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी यावर ठाम आहे. ‘गेल्या वेळेपेक्षा बोलण्यात थांबे वाढले आहेत, डॉक्टरांना दाखवा’ एवढंच लिहावं.

आणि डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ आहे, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही औषधं अशी स्मृती आणि बोलणं मंदावणारी पुष्कळ कारणं उपचाराने सुधारतात.

संमती घेताना रेकॉर्डिंग कशासाठी, कुठे, किती दिवस राहणार हे सोप्या शब्दांत सांगा. ज्याला ते समजून उत्तर देणं जड जातंय, त्याच्या जवळच्या माणसाची संमती घ्याच, पण त्याचाही होकार किंवा नकार विचारा, आणि नकार दिला तर थांबा. आवाजावरून माणूस ओळखता येतो, म्हणून नाव काढून टाकलं तरी फाइल निनावी होत नाही. ती कुलूपबंद सांकेतिक रूपातच ठेवा. घरात लपून रेकॉर्डिंग करणं कोणत्याही हेतूने योग्य नाही.

एकाच व्यक्तीचा मागोवा घेणार असाल तर पहिल्या दोनतीन आठवड्यांत काही रेकॉर्डिंगं घेऊन तिचा स्वतःचा नेहमीचा पल्ला ठरवा. चांगल्या झोपेच्या आणि वाईट झोपेच्या दिवसांतही फरक पडतो, तो या पल्ल्यात यायला हवा. पुढची रेकॉर्डिंगं सहा महिन्यांच्या अंतराने, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच माइकवर आणि त्याच खोलीत. चित्र मात्र तितक्याच अवघड दुसऱ्या चित्राने बदला, नाहीतर सरावाने सुधारलेला वेग घसरणीला झाकून टाकेल.